विद्यमान टाकीस सौर जोड

पाणी तापवणं ही मानवजातीची फार जुनी गरज आहे. पण या गरजेकडे शास्त्रीय दृष्टीने पाहावं, हे मानवाला फार उशिरा सुचलं. तोवर तो नुसत्याच आंघोळी उरकत होता. पाणी पुरेसं तापलं की नाही हे तो त्यात बोट बुडवून ठरवी, त्याची कुठे नोंद ठेवत नसे, आणि या बेजबाबदार पद्धतीने त्याने पाचेक हजार वर्षं सहज रेटली. चिंचवडात या अंदाधुंदीला आळा बसला तो १९८१चा पावसाळा संपल्यावर. तो आळा घालणारे गृहस्थ म्हणजे अनंतराव परचुरे; आणि ज्यांच्या न्हाणीघरात तो घातला गेला, त्या त्यांच्या पत्नी पद्माताई.

अनंतराव पिंपरीच्या एका मोठ्या कारखान्यात पद्धती विभागाचे उपप्रमुख होते. (कारखान्याचं नाव छापण्यासाठी परवानगी मागितलेली आहे. अर्ज योग्य त्या टेबलावर पोचला असून तिथे तो सुखरूप आहे.) पद्धती विभाग म्हणजे दुसरा माणूस काम करत असताना त्याच्यामागे घड्याळ घेऊन उभा राहणारा विभाग. बावीस वर्षांच्या सेवेत अनंतरावांनी स्वतः एकाही यंत्राला हात लावला नव्हता, पण त्यांच्या नजरेसमोर एकही यंत्र रिकामं उभं राहिलं नव्हतं. कामगाराने जांभई दिली तर ते समजून घेत. थांबलेला लेथ दिसला की मात्र लाल पेन काढत. 'चालू शकणारे यंत्र बंद ठेवणे ही चोरी आहे' हे वाक्य त्यांनी स्वतः रचून, स्वतःच मंजूर करून, तिन्ही शिफ्टना दिसेल असं शॉपच्या भिंतीवर लावलं होतं. घरीही त्यांचा हाच बाणा. पद्माताईंचं शिवणयंत्र वर्षातले ९६.२ टक्के तास रिकामं असतं, ही माहिती त्यांनी लग्नाच्या विसाव्या वाढदिवशी बायकोला तक्त्यासकट दिली होती. पद्माताईंनी तो तक्ता शिवणयंत्राच्या ड्रॉवरमध्ये ठेवला आणि चिवडा करायला घेतला.

त्या वर्षी कारखान्याने 'ऊर्जाबचत वर्ष' पाळायचं ठरवलं. पाळायचं म्हणजे फलक लावायचे. असे चाळीस फलक लागले, आणि ते रात्रपाळीलाही वाचता यावेत म्हणून प्रत्येकावर दोन-दोन दिवे बसवण्यात आले. त्याचबरोबर 'ऊर्जा संधारण विभाग' नावाचा नवा विभाग निघणार, त्याला एक प्रमुख लागणार, आणि त्या प्रमुखाला दार असलेली केबिन मिळणार, अशी बातमी फुटली. अनंतराव बावीस वर्षं अर्ध्या उंचीच्या पार्टिशनमागे बसत आले होते. पलीकडचा हिशेबनीस डबा उघडला की आज कुठली भाजी आहे हे त्यांना इच्छा नसताना कळे. दार असलेल्या केबिनसाठी माणूस काय करणार नाही? अनंतरावांनी सूचनापेटीत सूचना क्रमांक ११४ टाकली. तिचं नाव होतं 'विद्यमान टाकीस सौर जोड'. म्हणजे घरात गरम पाण्याची जी टाकी आधीच आहे तिला सूर्य जोडायचा. नवीन काही घ्यायचं नाही, आहे त्यातच भागवायचं. सूर्यही विद्यमानच होता.

चाचणीसाठी एक घर हवं होतं. कारखान्याकडे घर नव्हतं, अनंतरावांकडे होतं. बैठा बंगला, वर गच्ची, न्हाणीघरात माळ्याखाली टांगलेली विजेची पंचवीस गॅलनची टाकी, आणि मागच्या अंगणात तांब्याचा बंब. बंबाला चाकणच्या बाजारातून आणलेल्या बाभळीच्या ढलप्या लागत. तो वीस मिनिटांत पाणी तापवी आणि त्यासाठी कोणाची सही मागत नसे. साहजिकच तो मागासलेला ठरला.

इकडे पद्माताईंची गरज अगदी साधी होती. त्यांची एकुलती एक लेक चित्रा पहिल्या बाळंतपणाला सांगलीहून माहेरी यायची होती. दिवस भरत होते नोव्हेंबरअखेर. म्हणजे ऐन मार्गशीर्षात, नदीवरून वारा सुटलेला असताना, सव्वा महिना, रोज सकाळी सात वाजता पद्माताईंना दोन बादल्या कढत पाणी हवं होतं. एक लेकीच्या पाठीवर ओतायला, एक नातवंडाला. याखेरीज त्यांचं सूर्याकडे काहीही मागणं नव्हतं. त्यांनी हे नवऱ्याला सांगितलं तेव्हा अनंतराव प्रसन्न हसले. पंचवीस गॅलन मिळतील, दोन बादल्यांचं काय घेऊन बसलीस, असं ते म्हणाले आणि योजनेची नियमावली लिहायला बसले.

नियमावली एकोणीस कलमांची होती. ती पुरी देण्याइतका कागद इथे नाही, पण त्यातली तीन कलमं कोणालाही अभिमान वाटावा अशी आहेत. कलम चार : चाचणीकाळात टाकीची विद्युत जोडणी तोडावी, अन्यथा सूर्याने केलेल्या कामाचे श्रेय वीज लाटण्याची शक्यता आहे. कलम सात : पाणी तापवण्याची अन्य साधने चाचणीगृहात नसावीत, कारण मोह वाईट. कलम अकरा : संच तिन्ही पाळ्यांत अखंड चालू ठेवावा. या शेवटच्या कलमाला कारण दिलेलं नाही. ते सगळ्यांना पाठ होतं, भिंतीवरच होतं.

कलम सातनुसार एका मंगळवारी कारखान्याचा टेंपो आला आणि बंब घेऊन गेला. 'ऊर्जाबचत वर्षा'च्या प्रदर्शनात तो प्रवेशद्वाराजवळच मांडण्यात आला आणि त्याच्या गळ्यात पाटी अडकवली गेली : 'अपव्ययाचे प्रतीक. कृपया हात लावू नये.' पद्माताई प्रदर्शन पाहायला गेल्या तेव्हा त्यांनी हात लावला. माहेरचा बंब होता तो.

संच बसवायला आला मालोजी. मालोजी मावळातला, कारखान्यात फिटर, आणि पाण्याच्या नळांशी त्याची वीस वर्षांची ओळख. नकाशावर त्याच्याआधी सतरा सह्या झाल्या होत्या. त्याची अठरावी सही 'साहित्य मिळाले' एवढ्यापुरतीच असल्यामुळे नकाशाबद्दल त्याचं मत विचारायची सोय नव्हती. ते त्याने न विचारता दिलं. गच्चीवर नळ्या जोडलेला काळा पत्रा उन्हात ठेवून, खाली न्हाणीघरातल्या टाकीकडे बघून तो म्हणाला, "साहेब, टाकी गच्चीवर न्या, पत्र्याच्या वर. ऊन पाणी वर चढतं, खाली न्हाई उतरत. आमच्या म्हातारीला बी ठावं हाय."

सतरा सह्यांपैकी चौदा सह्या इंजिनियरांच्या होत्या. त्यांतल्या एकालाही मालोजीच्या म्हातारीचा सल्ला घ्यावासा वाटला नव्हता. तरीही अनंतरावांनी त्याचं शांतपणे ऐकून घेतलं, कारण खालच्या माणसाचं ऐकून घ्यावं असं एक परिपत्रक नुकतंच निघालं होतं. मग त्यांनी त्याला समजावलं की योजना विद्यमान टाकीची आहे. टाकी हलवली की ती विद्यमान राहत नाही, ती स्थलांतरित टाकी होते. आणि स्थलांतरित टाकीसाठी कारखान्यात कुठलीही योजना नाही. मालोजीने मान डोलावली. परिपत्रकात ऐकून घेण्यापुरतंच लिहिलं होतं.

पाणी आपणहून उतरत नसेल तर त्याला उतरवायला हवं. म्हणून एक पंप मंजूर झाला. तो भंगारात निघालेल्या ग्राइंडिंग मशीनवरून काढला. चौदा वर्षं तो वस्तू थंड ठेवायचंच काम करत आला होता आणि त्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. टाकीतलं पाणी उचलायचं, गच्चीवरच्या पत्र्यात फिरवायचं, परत टाकीत सोडायचं, असा त्याचा रगाडा. त्याला वीज लागे. पण ती पाणी तापवण्यासाठी लागत नसून पाणी फिरवण्यासाठी लागत असल्यामुळे बचतीच्या तक्त्यात ती धरायचं कारण नव्हतं.

पहिल्या दिवशी दुपारी दीड वाजता अनंतरावांनी पत्र्याच्या तोंडाशी थर्मामीटर लावला. सदुसष्ट अंश. टाळ्या झाल्या. दुपारी चार वाजता टाकीतलं पाणी एकसष्ट अंश भरलं. पद्माताईंनी त्यात हात घातला आणि पटकन काढला, आणि मनापासून सांगायचं तर त्यांना नवऱ्याचा फार अभिमान वाटला. त्यांनी शिरा केला.

मग संध्याकाळ झाली. इथे कारखान्यात न वाढलेल्या माणसाला वाटेल की आता पंप बंद करावा. सूर्य मावळला, पाणी तापलं, काम झालं. पण याला म्हणतात अडाणीपणा. सूर्य हा एकच शिफ्ट करणारा कामगार आहे. पंपाने त्याचं वळण का घ्यावं? पंप चालू शकत होता, म्हणून तो चालू राहिला. फर्स्ट शिफ्टमध्ये त्याने पाणी वर नेऊन तापवलं. सेकंड शिफ्टमध्ये तेच पाणी वर नेऊन चिंचवडच्या गार वाऱ्याला दाखवलं. रात्रपाळीत ते उघड्या आभाळाखाली तासातासाला फिरवून आणलं. सकाळी सहा वाजता टाकीचं तापमान चौदा अंश होतं. शेजारच्या नळाचं सतरा.

अनंतराव डगमगले नाहीत. एकसष्ट आणि चौदा यांची बेरीज पंचाहत्तर, तिला दोनने भागलं की साडेसदतीस. म्हणजे टाकीचं सरासरी तापमान मनुष्याच्या रक्ताच्या उष्णतेशी जवळपास तंतोतंत जुळत होतं. कोणी सरासरी तापमानाने आंघोळ केल्यास त्याला कसलीही अडचण येण्याचं कारण नव्हतं. हा निष्कर्ष अहवालाच्या पहिल्या पानावर चौकटीत छापला गेला. पंपाची उपयोगिता ९९.१ टक्के भरली. कारखान्यातल्या कुठल्याही पंपाने आजवर इतकं मन लावून काम केलं नव्हतं.

तीस नोव्हेंबरला चित्राला मुलगी झाली. पाचव्या दिवशी बाळ-बाळंतीण घरी आल्या. काळेवाडीहून छबूबाई तेल लावायला आणि न्हाऊ घालायला येऊ लागली. छबूबाईच्या हाताखालून चारशेच्या वर पोरं गेली होती आणि तिची एकच अट असे : पानी कढत पायजे. पहिल्या दिवशी तिने न्हाणीघराचा नळ सोडला, तोंडाला पदर लावला आणि पद्माताईंकडे नुसतं पाहिलं.

पद्माताईंनी कलम सात मोडलं. स्वयंपाकघराचं दार लोटून घेऊन त्यांनी गॅसवर पाणी तापवलं. आठ दिवस त्या स्वतःच्या घरात चोरासारख्या पातेली वाहत होत्या. नवव्या दिवशी सिलिंडर संपला. दुसऱ्याचा नंबर पाच आठवड्यांनी लागणार होता. एक स्टो होता, पण त्याला रॉकेल लागतं आणि रॉकेल रेशनवर मिळतं. महिन्याचं रॉकेल दोन दिवसांत उडालं. त्यानंतरच्या दिवशी छबूबाईने बाळंतिणीच्या पाठीवर कोमट पाण्याचा तांब्या ओतला, आणि चित्राचे दात वाजले ते पद्माताईंनी ऐकले.

त्या रात्री जेवताना त्यांनी विषय काढला. संध्याकाळी चारला पाणी पोळतं, ते तसंच झाकून ठेवता येणार नाही का? अहो, रात्रीचा तेवढा पंप बंद करा ना. अनंतरावांनी घास खाली ठेवला. बायकोला रागवायचा त्यांचा स्वभाव नव्हता, ते समजावत. रोज चौदा तास पंप बंद म्हणजे महिन्याचे चारशेवीस तास. एवढे तास यंत्र रिकामं ठेवणारा माणूस ऊर्जा विभागाचा प्रमुख कसा होणार? मोठे साहेब स्वतः चोवीस तारखेला गुरुवारी सकाळी सात वाजता संच बघायला येणार होते. (गुरुवारी या पट्ट्यातल्या कारखान्यांना सुट्टी असते, साहेबलोक तेव्हा कामं करतात.) त्या दिवशी केबिनचा निकाल लागायचा होता. तेवढे दिवस कळ काढ, असं अनंतराव म्हणाले, आणि नातीच्या पाळण्यापाशी जाऊन तिच्या नाकाची परचुरे घराण्याच्या नाकाशी तुलना करून झोपायला गेले.

पद्माताईंनी दुसऱ्या दिवशी मालोजीला गाठलं. तो पंपाला तेल द्यायला आला होता. त्याला तर विचारलं जायचीच हौस होती.

"सांजच्याला बटन बंद करायचं आणि गच्चीवरचा कॉक आवळायचा," तो म्हणाला. "पानी जागच्या जागी ऱ्हातंय. पर वैनी, मी सांगितलं म्हनू नका."

त्या संध्याकाळी पद्माताईंनी बटण दाबलं, वर जाऊन कॉक आवळला आणि टाकीला जुनी गोधडी गुंडाळली. सकाळी सातला नळ सोडला, तर वाफ आली. छबूबाईने पाय पसरले, पोरीला पायांवर घेतलं, डाळीचं पीठ लावलं आणि तांब्यामागून तांब्या ओतला. पोर आधी रडली, मग गप्प झाली, मग पाण्याकडे टक लावून बघू लागली. त्या दिवशी ती सलग चार तास झोपली. चित्रानेही पाठ शेकून घेतली आणि वाटीभर डिंकाचे लाडू संपवले. असे तीन दिवस गेले. पद्माताई त्या तीन दिवसांत फार सुखात होत्या. सूचना क्रमांक ११४ खरोखर उत्तम होती. तिच्यातलं फक्त कलम अकरा काढायचं होतं.

तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, अनंतरावांनी पंपाचं मीटर वाचलं. बेचाळीस तासांची तूट. त्यांचा चेहरा इतका पडला की बघवेना. ते गच्चीवर गेले, कॉकला हात लावून बघितला, खाली येऊन गोधडी बघितली, आणि मग बायकोसमोर उभे राहिले.

"तीन दिवस पाणी गरम होतं," पद्माताई म्हणाल्या.

"होतं ना," अनंतराव म्हणाले. "पण ते अनधिकृत होतं."

त्यांनी कॉक सोडला, गोधडी काढून घडी करून कपाटात ठेवली आणि पंपाच्या बटणाला शिशाचं सील लावलं. सील लावताना ते हळू आवाजात बोलत होते, कारण पोर नुकतीच झोपली होती. उगाच कोणी म्हणू नये की माणूस निर्दय होता.

पुढचे पाच दिवस शेजारच्या शालनबाईंनी काढून दिले. त्यांनी आपल्या वाट्याचं दोन बाटल्या रॉकेल उसनं दिलं. ते बुधवारी सकाळी संपलं.

गुरुवार उजाडला तो नऊ अंशांवर. साडेसहाला छबूबाई आली, पण न्हाणीघर साडेसहा ते साडेआठ पाहुण्यांसाठी राखीव असल्याची चिठ्ठी दारावर होती, म्हणून ती मागच्या अंगणात गेली. बरोबर सात वाजता दोन गाड्यांतून मोठे साहेब आणि पाच अधिकारी आले. सगळ्यांच्या अंगात कोट होते. गच्चीवरचा पत्रा पाहून झाला. पत्र्यावर दव होतं. ते पुसण्यात आलं. मग सगळे न्हाणीघरात शिरले. सात माणसं आणि एक टाकी यांनी ते भरून गेलं.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. योजना यशस्वी झाल्याबद्दल अनंतरावांचं अभिनंदन करणारं परिपत्रक मोठ्या साहेबांच्या सहीने मंगळवारीच निघालं होतं. त्याच्या तीनशे प्रती वाटून झाल्या होत्या. तेव्हा नळाखाली हात धरताना साहेबांच्या मनात कुतूहल असं फारसं नव्हतंच. त्यांनी बोटं पाण्यात धरली. त्यांच्या भुवया किंचित वर गेल्या आणि तिथेच राहिल्या.

"छान आहे," ते म्हणाले.

पुढचा अनुभव हुद्द्याप्रमाणे गरम होत गेला. कारखाना व्यवस्थापकांना पाणी चांगलंच गरम लागलं. उपव्यवस्थापकांना जरा जास्तच गरम लागलं. खरेदी अधिकाऱ्यांनी थोडं गार पाणी मिसळायला हवं असं सुचवलं. कामगार अधिकाऱ्यांनी हात झटकला. सगळ्यांत शेवटी हिशेबनीस होते, पार्टिशनपलीकडचे. त्यांना चटका बसला. त्यांनी बोट तोंडात घातलं आणि घरात खोबरेल आहे का म्हणून विचारलं.

पद्माताई दारात उभ्या होत्या. पंचवीस दिवसांची पोर आतल्या खोलीत तीन दुपट्यांत गुंडाळलेली, लेकीच्या पायांत दोन-दोन मोजे, आणि इथे एका धडधाकट माणसाचं बोट भाजलं होतं. त्यांनी पदर सावरला आणि अतिशय नम्रपणे म्हटलं, "साहेब, पाणी एवढं कढत आहे, तर आंघोळच करून घ्या. पाट मांडलाय, टॉवेल धुतलेला आहे. एवढ्या सकाळी निघालात, पारोसेच असाल."

मोठ्या साहेबांनी व्यवस्थापकांकडे पाहिलं. व्यवस्थापकांनी टाकीकडे पाहिलं. नाही म्हणायला काही कारणच नव्हतं. सहा माणसांनी एकमुखाने पाणी गरम असल्याची साक्ष दिली होती आणि त्यांतले पहिले साक्षीदार खुद्द साहेब होते. त्यांनी कोट काढला. अधिकारी बाहेर आले, दार लागलं.

आतून पहिल्या तांब्याचा आवाज आला. त्यामागोमाग साहेबांचा. ते मोठ्याने देवाचं नाव घेत होते. त्यांच्या एवढ्या धार्मिकतेची कारखान्यात कोणाला कल्पना नव्हती. अनंतरावांनी सवयीने घड्याळ लावलं. आंघोळ एक मिनिट पन्नास सेकंदांत आटोपली. यात वाया गेलेला वेळ शून्य. साहेब बाहेर आले तेव्हा त्यांचे ओठ जांभळे होते आणि शर्टाची बटणं एक घर सोडून लागली होती. "स्फू-स्फूर्तिदायक," ते म्हणाले. नंतर त्यांना बोलता येईना. त्यांना व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसवलं, अंगाभोवती तीन कोट टाकले. व्यवस्थापक मागच्या दारी धावले आणि तिथून एक पातेलं कढत पाणी घेऊन आले. साहेबांचे पाय त्यात बुडवले तेव्हा कुठे त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. पद्माताई हे सगळं खिडकीतून पाहत होत्या आणि कितीतरी दिवसांनी त्यांना इतकं बरं वाटत होतं. त्यांनी पदर तोंडाला लावून मनसोक्त हसून घेतलं.

पाय पाण्यात असतानाच साहेबांनी शेरा लिहिला : 'पाणी समाधानकारक. योजना सर्व वसाहतीस लागू करावी.' त्यानंतर ते चार दिवस तापाने अंथरुणावर होते. रजेच्या अर्जात कारण 'उष्म्याचा त्रास' असं नोंदलं आहे.

त्याच संध्याकाळी अनंतरावांना केबिन मिळाली. मार्चपर्यंत कारखान्याच्या वसाहतीतल्या दोनशे ऐंशी घरांच्या टाक्यांना सूर्य जोडला गेला, दोनशे ऐंशी पंप तिन्ही शिफ्टना चालू झाले आणि दोनशे ऐंशी घरांतले बंब, शेगड्या जमा होऊन गोदामात कुलूपबंद झाल्या. रहिवाशांची मतं छापील फॉर्मवर मागवली होती. फॉर्ममध्ये दोन पर्याय होते, 'गरम' आणि 'फार गरम'. चौऱ्याऐंशी टक्क्यांनी 'फार गरम'वर खूण केली. असा एकमताने यशस्वी झालेला उपक्रम या पट्ट्यात दुसरा झाल्याचं ऐकिवात नाही.

आता राहता राहिला एक किरकोळ तपशील. मागच्या दारी ते कढत पाण्याचं पातेलं कुठून आलं?

गॅस नव्हता. रॉकेल बुधवारी संपलं होतं. बंब पाटी घालून उभा होता. साडेसहाला छबूबाई अंगणात गेली होती ती उगाच नाही. तिने भिंतीच्या आडोशाला तीन धोंडे मांडले, पत्रे ज्या खोक्यांतून आले होते त्यांच्या फळ्या पायाखाली घालून मोडल्या, आणि फुंकून फुंकून एक पातेलं पाणी तापवलं. फळ्या तेवढ्यालाच पुरल्या. ते घेऊन ती उठणार तोच कोटवाले साहेब धावत आले आणि, बाई सरक, म्हणत पातेलं उचलून घेऊन गेले. पद्माताई हसून हसून डोळे पुसत आत आल्या तेव्हा छबूबाई पोरीच्या उशाशी रिकाम्या हाताने बसली होती.

"पोरीचं पानी सायबाच्या पायाला गेलं, बाई," ती म्हणाली.

पोरीला त्या दिवशी कोरड्या फडक्याने पुसून निजवलं. पद्माताई पाळण्याशी बसून राहिल्या. त्यानंतर साहेबांच्या आंघोळीची गोष्ट वसाहतीत घरोघरी गेली, लोक पोट धरधरून हसले, पण पद्माताईंनी ती कधी कोणाला सांगितली नाही.

तुम्हीही हसला असाल. साहेबांची आंघोळ किती सेकंदांत उरकली हे तुमच्या ध्यानात आहे, ताप किती दिवस होता तेही आहे. पण दोन बादल्या पाणी कोणासाठी हवं होतं हे पहिल्यापासून ठाऊक असूनसुद्धा, त्या गुरुवारी पोरीला न्हाऊ घातलं का, हे तुम्ही विचारलं नाहीत. अनंतरावांनीही विचारलं नाही. त्यांच्या तक्त्यात तो रकानाच नव्हता.